चिठ्ठीत न लिहिलेलं

पार्किन्सन्सचा माणूस मोकळ्या खोलीत बऱ्यापैकी चालतो आणि दारापाशी आला की थबकतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी मागून कुणी ‘चला, चला’ म्हणून घाई केली किंवा हाताला धरून ओढलं, तर पडायचीच भीती. आपोआप होणाऱ्या हालचाली मेंदूचा जो भाग सांभाळतो तिथे डोपामिन कमी पडतं, म्हणून हे होतं. पण समोर ओलांडायला एखादी रेघ दिसली किंवा कानावर ताल पडला, की तेच पाऊल पुष्कळदा उचललं जातं.

माझ्या यजमानांच्या आजाराचं निदान झालं तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टनी आजार नीट समजावून सांगितला, गोळ्या लिहून दिल्या. बाथरूमच्या दारातून आत कसं न्यायचं, हे मात्र मला एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी शिकवलं. पत्नीसाठी त्यांनी घरातल्या प्रत्येक दारापाशी फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या, पाऊलभर अंतरावर. पट्टी ओलांडायची, मग पुढची ओलांडायची. तोंडाने ‘एक, दोन’ म्हणायचं. घरी येऊन मी तेच केलं आणि आमची सकाळ बदलली.

हे गृहस्थ भेटले ते शुभंकरांच्या बैठकीत. आजारी माणूस तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर, अशी पुण्यातल्या स्वमदत गटांतली भाषा. अशा गटांची परंपरा या शहरात जुनी आहे. कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी पत्नीच्या स्किझोफ्रेनियामुळे या कामाकडे वळले आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट याच कामातून आला. १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. पार्किन्सन्ससाठी पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. आमचा गट मात्र अगदी लहान, आसपासच्या सोसायट्यांतल्या घरांचा. महिन्यातून एकदा भेटायचं. एका खोलीत शुभार्थींचे व्यायाम आणि गाणी, शेजारच्या खोलीत आम्ही.

त्या शेजारच्या खोलीत काय चालतं? सहानुभूतीची भाषणं तर नाहीतच. कामाची माहिती हातोहात फिरते. चहाचा कप अर्धाच भरायचा. शर्टाच्या काजा तशाच ठेवायच्या, बटणांमागे मात्र वेल्क्रो शिवून घ्यायचं. कूस बदलता येत नसेल तर कमरेखाली सॅटिनचं कापड घालायचं, अंग सहज सरकतं. लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्यायची, कारण वरण, दूध, पनीर यांतल्या प्रथिनांमुळे औषध शरीरात शोषलं जायला अडथळा येतो. एका घरात दुपारची गोळी ‘चालतच नाही’ अशी तक्रार होती. जेवणात काय असतं, असं कुणीतरी विचारलं. गोळी रोज दहीभाताबरोबर जात होती.

कधी प्रश्न कागदपत्रांचा असतो. या आजारात अक्षर बारीक होत जातं आणि एक दिवस बँकेतली सही जुळेनाशी होते. ज्यांच्यावर ही वेळ येऊन गेली होती, त्यांनी बाकीच्यांना वेळेवर सावध केलं: खातं दोघांच्या नावे करा, दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असं लिहून द्या, नामांकन तपासा, सही ठीक आहे तोवरच हे उरका.

एका बैठकीत एक बाई बराच वेळ गप्प बसून होत्या. निघताना म्हणाल्या, “आमचे हे आयुष्यभर काटकसरीने राहिले. आता रोज लॉटरीची तिकिटं आणतात, लपवून ठेवतात. मुलांनाही सांगितलेलं नाही मी.” खोलीत दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, “आमच्याकडे ऑनलाइन खरेदी होती.” पार्किन्सन्सच्या काही औषधांमुळे, विशेषतः डोपामिन अ‍ॅगोनिस्ट गटातल्या, काही जणांना जुगार, खरेदी किंवा खाण्यावर ताबा ठेवता येत नाही. हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. पण घरातली बाई ते नवऱ्याच्या स्वभावाचं पाप समजून पोटात ठेवते, आणि डॉक्टरांना न सांगितलेलं डॉक्टरांना कसं कळणार? त्याच आठवड्यात त्या डॉक्टरांकडे गेल्या. औषध त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी झालं आणि तिकिटंही थांबली. नातेवाइकांत ही गोष्ट बोलली असती, तर घराची अब्रू गेली असती. इथे ती एक लक्षण म्हणून ऐकली गेली.

माझीही एक गाठ अशीच सुटली. हे हसत नाहीत, मी काही सांगितलं तरी चेहरा कोरा, म्हणून मी मनातून खचले होते. माझ्या हातून काही होतच नाही, असं वाटायचं. बैठकीत चार बायका एकदम म्हणाल्या की त्यांच्याकडेही तसंच आहे. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, आतला आनंद बाहेर उमटत नाही. हे पुस्तकात आहेच. पण ज्या बाईने तो कोरा चेहरा रोज समोर बघितला आहे, तिच्या तोंडून ऐकल्यावर मला ते पटलं. त्यानंतर मी चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधणं सोडलं आणि यांना सरळ विचारू लागले, “आवडलं का?” उत्तर हळू आवाजात येतं, पण येतं.

या आधाराचं मोल संशोधकांनीही जोखलं आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटेलमन आणि सहकाऱ्यांनी अल्झायमर्स झालेल्या जोडीदाराला सांभाळणाऱ्या ४०६ जणांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. अर्ध्या जणांना समुपदेशन, कुटुंबाबरोबर बैठका, आधारगट आणि गरजेला फोनवर सल्ला असा सगळा पाठिंबा होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या घरांत रुग्णाला नर्सिंग होममध्ये ठेवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी लांबली. यात एकट्या आधारगटाचा वाटा वेगळा काढता येत नाही. पण सांभाळणारा सावरला की आजारी माणूस अधिक काळ घरी राहू शकतो, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

गटाला शिस्त मात्र लागते. आमच्याकडे गोळीच्या मात्रेवर कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. एकदा एकांनी खाजकुइलीच्या चूर्णाची पुडी आणली होती. त्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं, पण चालू गोळ्यांत ते परस्पर मिसळलं तर एकूण मात्रा किती झाली हे कुणालाच कळणार नाही. पुडी परत गेली, प्रश्न डॉक्टरांकडे गेला. दुसरा नियम असा की खोलीतलं बोलणं खोलीतच राहतं.

अडचणी उरल्या आहेतच. ज्यांना गटाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांनाच घरातून निघता येत नाही. पुरुष शुभंकर आले तरी मोकळे होत नाहीत. पट्ट्यांबद्दल भरभरून सांगणारे ते बँकवाले काका स्वतःच्या झोपेविषयी एक अक्षर बोलत नव्हते. म्हणून आता आम्ही दोन-दोन घरांच्या जोड्या लावल्या आहेत. एका घरातली व्यक्ती बैठकीला आली, की दुसऱ्या घरातलं कुणीतरी तेवढा वेळ तिच्या शुभार्थीजवळ बसतं. काकांच्या जोडीला आमचं घर आहे.

पुढची बैठक अपंगत्वाच्या दाखल्यावर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचाही समावेश आहे, हे आमच्यातल्या निम्म्या घरांना ठाऊकच नव्हतं. ज्यांनी दाखला काढला आहे ती दोन कुटुंबं आपली फाइल घेऊन येणार आहेत: अर्ज कसा भरला, कुठले रिपोर्ट जोडले, तपासणीला कुठे जावं लागलं, खुर्ची मिळाली का, सगळं सांगणार आहेत. ज्यांना येता येणार नाही, त्यांच्यासाठी त्या कागदांच्या झेरॉक्स काढून घरोघरी पोचवायचं काम माझ्याकडे आहे.