माहिती लोड होत आहे

मराठीच्या अभ्यासकाला ‘प्रतीक्षा’ या शब्दाचे अप्रूप राहत नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या शिकवताना तो येतो, लावणीतल्या विरहिणीपाशी येतो, आणि उत्तरपत्रिकांत तर चुकीच्या ऱ्हस्वदीर्घासह ढिगाने येतो. तो मोबाइलच्या पडद्यावर आज्ञार्थी रूपात भेटण्याचे भाग्य मात्र आमच्या पिढीचे. अमुक अ‍ॅप प्रतिसाद देत नाही, असे पडदा सांगतो आणि खाली दोन मार्ग दाखवतो : बंद करा, किंवा प्रतीक्षा करा. आमच्यापैकी एकाची आई, म्हणजे दुसरीच्या सासूबाई, गेले दोन महिने इमानाने दुसरा मार्ग पत्करत होत्या.

अ‍ॅप होते दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेचे. कोणत्या वाहिनीवर किती वाजता काय आहे हे सांगणारे, आणि हवे असेल तर दहा मिनिटे आधी घंटा वाजवणारे. फोन दादांचा. दादा जाऊन दोन वर्षे झाली. फोन आणि त्यातली ही सवय आईंकडे आली. आता अ‍ॅप उघडले की ‘माहिती लोड होत आहे’ एवढे चार शब्दांचे वाक्य आणि त्यावर एक गोल चक्र; पुढे काही नाही.

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. यंत्राच्या पोटात शिरण्याचा अधिकार आम्हांला कुणी दिलेला नाही. पण ‘तुम्ही दोघं एवढं शिकवता, हे एवढं होत नाही?’ या प्रश्नाला विद्यापीठीय उत्तर नसते.

थोडे मागे जायला हवे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली २ ऑक्टोबरला सुरू झाले. आमच्या शाळकरी दिवसांत, म्हणजे ऐंशीच्या दशकाअखेर, पडद्यावर काय येणार हे वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यातल्या चार ओळींत मावे. शिवाय ‘साप्ताहिकी’ नावाचा कार्यक्रम असे. पुढच्या आठवड्यात काय दाखवणार आहेत, एवढेच त्यात सांगत, आणि लोक तेही चवीने पाहत. चित्र गेले की ‘व्यत्यय’ अशी पाटी येई. त्या पाटीत एक सभ्यपणा होता असे आम्हांला अजूनही वाटते. काहीतरी मोडले आहे, हे ती मान्य करीत असे. फिरते चक्र तसे काही मान्य करीत नाही. काम चालू आहे, असा त्याचा आव असतो.

पुढे वाहिन्या वाढल्या, नावे बदलली. १९९९ मध्ये आलेली ‘अल्फा मराठी’ २००५ मध्ये ‘झी मराठी’ झाली. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या दररचनेत वाहिन्या निवडून घेण्याची पद्धत आली, तेव्हा दादांनी वही-पेन्सिल घेऊन चार संध्याकाळी हिशेब केला होता. कार्यक्रमपत्रिकेचे अ‍ॅपही त्यांनी तेव्हाच घेतले.

अशा अ‍ॅपच्या मागे केवढा पसारा असतो! समजा वाहिन्या ३००, प्रत्येकीचे रोजचे कार्यक्रम ३०, आणि पत्रिका सात दिवसांची. नोंदी झाल्या ६३,०००. वाहिन्यांकडून आलेली ही जंत्री कुठल्यातरी सर्व्हरवर एकत्र होते, तिथून फोनमध्ये उतरते, फोनमधल्या कोठारात रचली जाते आणि मग पडद्यावर येते. गोठण्याची जागा यांपैकी कोणतीही असू शकते.

इथे आम्हांला आमच्या विषयाने हात दिला, असे म्हटले तर सहकारी हसतील. पण ते खरे आहे. पाठचिकित्सा शिकवताना आपण पहिला प्रश्न हाच विचारतो की बिघाड कुठे शिरला : मुळात, नकलेत, की वाचनात? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ भ्रष्ट झाले होते म्हणून. आमच्यापुढची संहिता फारच सामान्य होती, पण प्रश्न त्याच जातीचा.

प्रथम चक्राकडेच नीट पाहिले. चक्र फिरत असेल तर अ‍ॅप जिवंत आहे, ते बाहेरून येणाऱ्या कशाची तरी वाट पाहते आहे. चक्रही थिजले असेल तर गोष्ट निराळी. पडदा रंगवणे आणि बोटाच्या स्पर्शाला उत्तर देणे ही कामे एकाच मुख्य धाग्यावर चालतात. त्याच धाग्यावर हजारो नोंदी वाचण्याचे ओझे टाकले की तो अडकतो. स्पर्शाला पाच सेकंदांत उत्तर आले नाही, की अँड्रॉइड ती ‘प्रतिसाद देत नाही’ची पाटी लावते. आईंच्या फोनवर चक्र आधी थोडे फिरे, मग थिजे. म्हणजे माहिती येत होती. अडत होती ती आल्यानंतर.

मग फोनची तारीख-वेळ पाहिली, कारण ती चुकली तर सुरक्षित जोडणीच नाकारली जाते. ती बरोबर होती. साठवणीची जागा पाहिली, तर फोन तुडुंब. दोन वर्षांच्या ‘शुभ सकाळ’च्या चित्रांनी, उगवत्या सूर्यांनी आणि गुलाबांनी तो भरला होता. जागा नसेल तर नव्या नोंदी लिहिल्याच जात नाहीत. आईंच्या संमतीने सूर्य मावळवले, गुलाब बरेचसे राहू दिले. अ‍ॅप तरीही अडले.

आता फोन विमान अवस्थेत टाकला, इंटरनेट तोडले, आणि अ‍ॅप उघडले. ते चटकन उघडले! दोन महिन्यांपूर्वीची शिळी पत्रिका घेऊन, पण उघडले. तर जुने एकटे वाचता येत होते, नवे येऊन पोचत होते. दोन्ही एकत्र रचताना गाडी रुतत होती. असा आमचा तर्क.

‘कॅशे साफ करा’ने काही साधले नाही. कॅशे म्हणजे हाताशी ठेवलेली नक्कल. ती पुसली तर पुन्हा मिळते. त्याच्याच शेजारी असते ‘डेटा साफ करा’. तिथे मूळ प्रतच जाते. अ‍ॅपच्या निर्मात्यांना पत्र लिहिले होते, त्यांच्या छापील उत्तरातही हाच उपाय होता. त्या छापील उत्तराला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, की या डेटात दादांनी लावलेल्या घंटा होत्या.

आईंनी विचारले, ‘म्हणजे ह्यांचं सगळं जाईल?’

जाईल, असे आम्ही सांगितले. त्यांनी फोन मागून घेतला, चष्म्याच्या फडक्याने पुसला आणि टेबलावर पालथा ठेवला. त्या दिवशी पुढे काहीच झाले नाही.

पुढच्या रविवारी विमान अवस्थेतच आम्ही ती यादी वहीत उतरवायला बसलो. एकाने वाचायचे, दुसरीने लिहायचे. आवडीच्या वाहिन्या आणि लावलेल्या घंटा मिळून ४१ नोंदी. पहाटेचे अभंग होते, शास्त्रीय संगीताची मैफल होती. एचबीओही होते; ती वाहिनी डिसेंबर २०२० मध्ये भारतातून बंद झाली, पण दादांनी तिला यादीतून काढले नव्हते. आणि दुपारी अडीचला एका मालिकेच्या पुनःप्रसारणाची घंटा होती, सोमवार ते शनिवार. ही मालिका दादा पाहणे शक्यच नव्हते. संध्याकाळी आई स्वयंपाकात असत, म्हणून त्यांच्यासाठी लावलेली ती घंटा असणार, हे आमच्या लक्षात आले आणि दोघांनाही क्षणभर पुढचे वाचवेना.

आई मात्र हसल्या. ‘मला कधीच आवडली नाही ती,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांना वाटायचं मला आवडते. घंटा वाजली की येऊन बसायचे शेजारी, म्हणून मीही बसायची.’

यावर काय बोलावे ते आम्हांला सुचले नाही. विद्यार्थ्यांना आपण संहितेतून लेखकाचा हेतू शोधू नका म्हणून बजावत असतो; इथे वाचकाचा हेतूही हातातून निसटला होता.

डेटा साफ केला. अ‍ॅप नव्याने उघडले, अर्धा मिनिट चक्र फिरले, आणि आजची पत्रिका आली. वहीतल्या ४१ नोंदी पुन्हा भरायला आम्ही तयार होतो. आईंनी वही मिटवली. ‘त्यांचं वहीत राहू दे. मला माझं लावून द्या.’

त्यांचे म्हणजे काय हे ठरायला बराच वेळ गेला. शनिवारी रात्रीचे जुने मराठी चित्रपट निघाले. मग, आम्हांला अगदीच अनपेक्षित, क्रिकेटचे सामने. ‘फक्त कसोटी,’ त्या म्हणाल्या, ‘ते वीस षटकांचं नको.’ दुपारी अडीचची घंटा लावायची का, असे आम्ही विचारले नाही. त्यांनीही विषय काढला नाही. वही देवघराच्या खालच्या खणात गेली, वीजबिलांच्या फायलीशेजारी.