डावीकडचें मागचें दार

कुलूप हा शब्द आपल्याकडे अरबींतून आला आणि चावी पोर्तुगीजांबरोबर आली. टाळें मात्र संस्कृत तालकापासून निघालेलें आहे. तेव्हां दार बाहेरून बंद करण्याची विद्या परकीयांनीं येऊन आपल्याला शिकविली, असें म्हणण्याची सोय नाहीं. तरीहि जुन्या वाड्यांतून हिंडतांना एक गोष्ट लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं. तेथील दारांचा खरा बंदोबस्त आगळ आणि अडसर यांच्याकडे असे, आणि हीं दोन्हीं साधनें आंतल्या माणसाच्या हातचीं. भिंतींत खोल सरकविलेला तो लाकडी वासा ओढून दारामागें आडवा केला कीं बाहेरचा मनुष्य बाहेर राहिला; परंतु आंतल्याला बाहेर पडावेंसें वाटलें तर त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागत नसे. जें दार आंतून उघडतां येत नाहीं त्याची आपल्या लोकांना केवढी धास्ती वाटत आली आहे, हें हिरकणीच्या आख्यायिकेवरून दिसतें. रायगडाचे दरवाजे सांज होतांच लागले, आणि शत्रूसाठीं लावलेल्या त्या दरवाजांनीं एका गवळणीची आणि तिच्या तान्ह्या मुलाची ताटातूट केली. ती कडा उतरून गेली म्हणून तिची कथा झाली. कडा उतरण्याची ज्यांच्या गुडघ्यांत ताकद नसते त्यांच्या कथा होत नाहींत.

हे विचार आमच्या मनांत घोळूं लागले ते गेल्या पावसाळ्यांत, आमच्या मोटारीचें डावीकडचें मागचें दार उघडेनासें झालें तेव्हां. प्रथम तें नुसतें आळशी झालें. किल्लीवरील कळ दाबली कीं चारहि दारांतून एकदम ‘खट्’ असा आवाज येतो. त्यांत या दाराचा आवाज किंचित् मागाहून येऊं लागला, हजेरीच्या वेळीं शेवटच्या बांकावरचा विद्यार्थी दचकून ‘हजर’ म्हणतो तसा. पुढें आवाज येई, पण दार हलत नसे. पुन्हा कळ दाबावी लागे. मग तीनदां, चारदां. आणि ऑगस्टमधील एका सकाळीं तें कायमचेंच मिटलें. बाहेरची मूठ ओढली तर ती हातांत सैल येई. आंतली ओढली तरी तीच गत. आमच्या गाडीच्या मागच्या दारांना किल्लीचें भोंक नाहीं, त्यामुळें तोहि मार्ग खुंटला.

चार दारांपैकीं एक बंद पडल्यानें एवढें काय अडतें, असें कोणीहि म्हणेल; आमच्या घरांतहि तसें म्हटलें गेलें. परंतु मोटारींतल्या जागा सारख्या नसतात. आपल्या देशांत वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, म्हणून पदपथाकडे उघडणारें दार तें डावीकडचें, आणि मागें डावीकडे आमच्या मातुःश्री बसतात. त्यांचें वय चौऱ्यायशीं आहे. एकदां लक्ष्मी रस्त्यावर त्यांना उजव्या बाजूनें उतरविलें, तेव्हां दोन दुचाकी त्यांच्या पदराला वारा घालून गेल्या. दुसरा तोडगा असा निघाला कीं, त्यांनीं सोसायटीच्या आवारांतच उजव्या दारानें चढावें आणि बसल्या बसल्या डावीकडे सरकत जावें. उतरतांना तेंच उलट. हें त्यांनीं दोन वेळां कुरकुर न करतां केलें. तिसऱ्या खेपेस, रविवारीं सकाळीं, आम्ही किल्ली घेऊन निघालों तर त्या लुगडें बदलून न बसतां कोचावर जपमाळ घेऊन बसलेल्या. “तें दार नीट होईपर्यंत मी गाडींत बसणार नाहीं,” त्या म्हणाल्या.

रविवारचें त्यांचें जाणें म्हणजे तळेगांवास धाकट्या बहिणीकडे. मावशी गेल्या वर्षापासून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. दोघी बहिणी दोन तास बोलतात; त्यांत नवें असें कांहीं नसतें, आणि नवें नसतें म्हणूनच तें बोलणें त्यांना हवें असतें. तें सोडून त्या घरीं बसावयास तयार झाल्या, तेव्हां कारण गुडघ्यांहून मोठें असलें पाहिजे. आम्हीं विचारलें. त्यांनीं उलट प्रश्न केला, “वाटेंत गाडीला कांहीं झालें, तर मी कोणत्या बाजूनें उतरूं?”

नातवंडें हंसलीं. “आजी, असं कांहीं होत नाहीं गं,” धाकटा म्हणाला. सुनेनें समजूत घातली कीं बाकीचीं तीन दारें आहेतच. मातुःश्रींनीं माळेचा पुढचा मणी ओढला. आम्हांला मात्र त्या दिवसापासून तो प्रश्न सोडीना, आणि त्या निमित्तानें या कुलपाची जी माहिती आम्हीं मिळविली ती त्यांच्याच बाजूची निघाली.

मोटारीच्या दाराच्या कडेला, पत्र्याच्या आंत, एक पोलादी आंकडा असतो, आणि त्याच्या समोर गाडीच्या खांबावर कोयंड्यासारखी भक्कम कडी. दार लोटलें कीं कडी आंकड्याच्या जबड्यांत शिरते, आंकडा फिरतो, आणि एक लहानसा खटका त्याच्या आड पडून त्याला परत फिरूं देत नाहीं. आंकड्याला दोन खांचा असतात. पहिलींत खटका पडला कीं दार अर्धवट लागलें. दुसरींत पडला कीं पुरतें. येथवर कुलपाचा कांहीं संबंध नाहीं. हें काम निव्वळ धरून ठेवण्याचें. कुलूप हें त्याच पेटींत बसविलेलें दुसरें यंत्र आहे, आणि त्याचें काम आम्हांला मोठें चमत्कारिक वाटलें. तें दाराला धरीत नाहीं. मूठ आणि खटका यांच्यामधला दुवा तेवढा तोडतें. कुलूप लागलेलें असतां मूठ ओढली तर ओढली जाते, परंतु तिचा निरोप खटक्यापर्यंत पोहोंचत नाहीं. लहान मुलांसाठीं म्हणून मागच्या दाराच्या कडेला जी बारीक कळ असते ती फक्त आंतल्या मुठीचा निरोप अडविते. जुन्या गाड्यांतून हा दुवा जोडण्या-तोडण्याचें काम खिडकीच्या कांठावरची खुंटी बोटानें वर-खालीं करून होई. आतां तें अंगठ्याएवढ्या विजेच्या मोटरकडे सोंपविलेलें आहे, आणि तिची शक्ति दांतेरी चाकांतून पुढें जाते. आमच्या गाडींत त्यांतलें एक चाक प्लॅस्टिकचें निघालें. त्याचे दांत झिजले. मोटर फिरे, पण तिचें फिरणें पुढें जाईना. आणि दुवा तुटलेला तो तुटलेलाच राहिला.

यांत चोराचें नांव फारसें येत नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. मोटारीच्या दाराचा खटका बळकट झाला तो चोरापायीं नव्हेच. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठानें मोटार-अपघातांतील इजांचा अभ्यास केला. त्यांत असें दिसून आलें कीं, धक्क्यासरशीं दारें उघडून माणसें बाहेर फेंकलीं जातात, आणि गाडींतच राहिलेल्यांपेक्षां अशांच्या जिवाला धोका पुष्कळ अधिक असतो. १९५६ सालच्या गाड्यांत तेथील कारखानदारांनीं अधिक मजबूत खटके बसविले. पुढें १ जानेवारी १९६८ पासून तेथें यासाठीं कायद्याचें मानच अमलांत आलें: पुरत्या लागलेल्या खटक्यानें गाडीच्या लांबीच्या दिशेनें २,५०० पौंडांचा ओढा सोसला पाहिजे, आणि अर्धवट लागलेल्यानेंहि १,००० पौंडांचा. दार धड लागलें नाहीं म्हणून मागच्या गाडीवाल्यानें हात करून सांगावें, आणि तरीहि तें दार तोंवर उघडलेलें नसावें, याचें श्रेय त्या पहिल्या खांचेला आहे.

परंतु घट्ट धरणारें दार वेळ आली म्हणजे सोडणारेंहि असावें लागतें. पाण्यांत गेलेल्या किंवा पेटलेल्या गाडींत विजेवर चालणाऱ्या कुलपाचा भरंवसा नसतो. म्हणूनच आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत, वीज बंद पडली तरी आंतल्या माणसाला मध्यवर्ती कुलूप हातानें सोडवितां आलें पाहिजे, असा दंडक घातला गेला. आमची गाडी त्याच्या आधींची. नातवंडांना आम्हीं हें सर्व जेवतांना सांगितलें. तीं पुन्हा हंसलीं नाहींत.

कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीघरांतील तरुण मोठा सभ्य होता. त्यानें संगणकाच्या पडद्याकडे पाहून सांगितलें कीं सुटें चाक मिळत नाहीं, सबंध पेटीच बदलावी लागते, आणि ती पेटी येण्यास चार आठवडे लागतील. चार आठवडे म्हणजे चार रविवार. आमच्या लहानपणीं घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एकेक दांत घांसून बसवीत असे. आतां झिजलेल्या दहा रुपयांच्या चाकासाठीं हजारोंची पेटी टाकावयाची, हा हिशेब आम्हांला अजून पटत नाहीं. पण हुज्जत घालून रविवार परत मिळत नव्हते. आम्ही कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेलों. त्यानें दोन दिवसांत नाना पेठेंतील दुकानांतून नेमकी तीच पेटी पैदा केली आणि शनिवारीं दुपारीं तो आमच्या आवारांत हजर झाला.

खरी गंमत पुढें आहे. ही पेटी ज्या तीन स्क्रूंनीं बसविलेली असते ते दाराच्या कडेवर असतात, आणि दार लागलेलें असतां ती कड दिसतच नाहीं. म्हणजे दार उघडावयाचें तर कुलूप काढलें पाहिजे, आणि कुलूप काढावयाचें तर दार उघडलें पाहिजे! तर्कशास्त्राच्या वर्गांत अन्योन्याश्रय शिकवितांना यापरतें उदाहरण सांपडणार नाहीं. मिस्त्रीला तर्कशास्त्राशीं कर्तव्य नव्हतें. त्यानें मागच्या बैठकीची गादी उचलून बाहेर ठेवली, आंत आडवा झाला, मुठीमागचे आणि हात टेकावयाच्या जागेचे स्क्रू काढले, आणि दाराचें आंतलें आवरण कडेकडेनें खेंचूं लागला. दार बंद असल्यामुळें तें वांकवावें लागत होतें. त्याला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन खिट्या ‘टक्’ करून तुटल्या. “या तुटायच्याच, सर. खिशांत आणल्यात,” तो आंतूनच म्हणाला.

आवरणाच्या मागें काळ्या चिकट डिंकानें चिकटविलेला प्लॅस्टिकचा कागद निघाला, आणि तो खालीं फाटलेला. त्यावरून आणखी एक गोष्ट कळली. कांच जेथून वर-खालीं होते त्या फटींतून पावसाचें पाणी दाराच्या आंत जातच असतें. तें अडविण्याची कोणी खटपटहि करीत नाहीं. दाराच्या तळाशीं बारीक भोंकें ठेवलेलीं असतात, त्यांतून तें निघून जातें. आमच्या दाराचीं तीं भोंकें चिखलानें बुजलीं होतीं. मिस्त्रीनें त्यांत तार घातली तेव्हां पेलाभर गढूळ पाणी फरशीवर आलें. त्या ओलींत ती पेटी किती महिने बसली असेल कोण जाणे.

मग त्यानें पत्र्याच्या खिडकींतून कोपरापर्यंत हात घातला, दांतांत विजेरी धरली, आणि लांब स्क्रूड्रायव्हरनें कांहीतरी चांचपून दाबलें. “आतां बाहेरची मूठ ओढा, सर.” आम्हीं ओढली. पंचवीस दिवसांनीं तें दार उघडलें. ओसरीवर मातुःश्री उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण दोन पायऱ्या खालीं आल्या.

पुढचें काम अर्ध्या तासाचें होतें. चांदणीच्या आकाराच्या खांचेचे ते तीन स्क्रू निघाले, तारा आणि सळ्या सुटल्या, जुनी पेटी कांचेच्या पन्हळीला वळसा घालून बाहेर आली आणि नवी तिच्या जागीं गेली. परंतु दार लावण्याची आम्हीं घाई करतांच मिस्त्रीनें आमचा हात धरला. दार उघडें असतांनाच त्यानें स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यानें आंकडा फिरवून लावला, जणूं कडीच आंत शिरली आहे. मग किल्लीनें कुलूप लावलें, उघडलें, बाहेरची मूठ ओढली, आंतली ओढली. असें तीनदां केलें. “आतां लावलं आणि आंत अडकलं, तर सगळं पहिल्यापासून,” तो म्हणाला. हा मनुष्य आमच्या वर्गांत असता तर त्याला तर्कशास्त्रांत पहिला वर्ग मिळाला असता, अशी आमची खात्री झाली.

आवरण बसल्यावर मातुःश्री गाडींत जाऊन बसल्या. त्यांनीं दार स्वतः ओढून घेतलें, आम्हांला बाहेरून कुलूप लावावयास सांगितलें, आणि आंतली लहान कळ सरकवून मूठ ओढली. दार उघडलें. त्यांनीं पुन्हा तसेंच करावयास लावलें.

हत्यारें आवरतां आवरतां मिस्त्रीनें सहज किल्लीवरील कळ दोनदां दाबून पाहिली आणि कान टंवकारला. “सर, उजवीकडचं मागचंहि उशिरां बोलतंय. पण उघडतंय अजून. चालेल वर्षभर.”

“उघडतंय तोंवरच बदल, बाबा,” मातुःश्री आंतून म्हणाल्या. “मग तुला गादी काढावी लागणार नाहीं.”

मिस्त्रीनें आमच्याकडे पाहिलें. पहिल्या पेटीचे तीन हजार दोनशें आणि मजुरीचे हजार रुपये त्याला द्यावयाचे होतेच. दुसऱ्या पेटीसाठीं आम्हीं त्यांत आणखी तीन हजार दोनशें घातले, आणि सोमवारीं यावयास सांगितलें. रविवारीं गाडी तळेगांवास जावयाची होती.