गोडसर वास

शिमल्यातल्या पहिल्याच हिवाळ्यात तिनं सांगितलं होतं, "अहो, हीटर लावला की गाडीत गोडसर वास येतो." "तुला कसलेही वास येतात!" म्हणून त्यानं हसण्यावारी नेलं. मग समोरची काच आतून तेलकट धुकट होऊ लागली. पुसली तरी पुन्हा तेच!

एके दिवशी गाडीत पडलेला चेंडू उचलून छोटीनं ओली बोटं तोंडाकडे नेली. तिनं चटकन हात धरला. खालचं मॅटिंग भिजलेलं होतं.

मेकॅनिकनं उलगडा केला. डॅशबोर्डमागे छोटासा रेडिएटर असतो. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं, म्हणून ऊब मिळते. तोच गळत होता. पाण्यातलं कूलंट चवीला गोड, पण विषारी! शिवाय पाणी आटलं की इंजिनही तापून निकामी.

भाग एवढासा, पण बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला. भागापेक्षा मजुरीच जास्त झाली.

दोन दिवसांनी गाडी परत आली. त्यानं हीटर लावला आणि हळूच विचारलं, "बघ गं, वास येतोय का?"