रिकामी बंदूक

आमच्या घराण्यात शौर्याची परंपरा नाही. आजोबा भिक्षुकी सांभाळून भात पिकवीत, वडिलांनी शाळेत गणित शिकवले आणि मी कॉलेजात मराठी शिकवतो. तरीही रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर ठासणीची एक दुनळी बंदूक असे. आजोबांनी ती १९३६ साली घेतली, तीही जुनीच.

त्या खरेदीची हकिगत आजोबा मोठ्या चवीने सांगत. विकणारा म्हणाला, "रिकामी आहे, खुशाल हाताळा." आजोबांनी काही न बोलता गज मागितला. तो उजव्या नळीत तळापर्यंत सोडला, नळीच्या तोंडाशी गजावर बोट धरले आणि मग गज बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून पाहिला. गज घोड्यापर्यंत पोहोचला तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडे थांबला, तर आत दारू, त्यावर बोळा, मग छर्रे आणि पुन्हा बोळा असा सगळा संसार थाटलेला आहे असे समजावे. डाव्या नळीचीही तीच परीक्षा. मग घोडे अर्ध्यावर नीट अडकतात का, नळ्यांना आतून गंजाचे खड्डे पडले आहेत का, हे पाहून झाल्यावरच पैशांची गोष्ट. आजोबांचा सिद्धान्त होता, "बंदुकीच्या बाबतीत मालकाचा शब्द प्रमाण नव्हे, गज प्रमाण."

दुनळीच्या खोडी निराळ्या. एक नळी उडवली की धक्क्याने दुसरीतला बार पुढे सरकू शकतो, आणि तसा सरकलेला बार उडवला तर नळीच फाटायची. घाईत एकाच नळीत दोनदा दारू ठासली जाण्याचे भय वेगळेच. म्हणून भरणारा माणूस शांत डोक्याचा हवा. वडील तसे होते. रानडुकरे आणि माकडे हाकलण्यासाठी बार काढायचा, लगेच गरम पाण्याने नळ्या धुवायच्या, कोरड्या करून तेलाचा हात फिरवायचा. भरलेली बंदूक भिंतीवर टांगायची नाही, हा घरचा दंडक होता.

आई गेल्यावर वडील तिथे एकटेच राहिले. "पुण्याला चला," म्हटले की म्हणत, "मला काय झालंय इथे? सगळं ठीक आहे." दर रविवारी फोनवर हेच वाक्य. ते ऐकून मी निश्चिंत मनाने पेपर तपासायला बसत असे. मे महिन्यात आम्ही गावी गेलो की माझी मुले त्याच बंदुकीखाली पत्ते कुटत.

गेल्या वर्षी श्रावणात वडील गेले. परवाना त्यांच्या नावाचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे वारसाला बंदूक नुसती घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते. मला वाटले, घराण्याची आठवण, आपल्या नावावर परवाना काढावा. पत्नी म्हणाली, "आपल्या दोन खोल्यांत रानडुकरं कुठनं येणार?" या युक्तिवादाला मराठी साहित्यात उत्तर नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर खालच्या वाडीतला एक शेतकरी आला. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता, बंदूक नव्हती. डुक्कर मारायला वेगळी परवानगी लागते, हे त्याला ठाऊक होते. त्याला नुसते बार काढून भात राखायचे होते. मी बंदूक पुढे केली आणि ऐटीत म्हणालो, "रिकामी आहे. अण्णा भरून ठेवत नसत."

"तरी गज द्या, भाऊ," तो म्हणाला.

उजव्या नळीत गज तळाशी गेला. डाव्या नळीत तो चार बोटे अलीकडे थांबला.

आम्ही दोघेही गप्प झालो. ओल लागली नाही तर ही दारू वर्षानुवर्षे जिवंत राहते. मला पहिल्यांदा आठवली ती माझी मुले. वडिलांचा मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. शेतकऱ्याने नळीत पाणी ओतून दारू भिजवली, गजाला पीळदार आकडा लावून काथ्याचा बोळा ओढून काढला, मग छर्रे, मग काळा चिखल.

आणि एकदम मला ती डबी आठवली. वडिलांचे अंथरूण आवरताना उशीखाली औषधाची जुनी डबी सापडली होती. तिच्यात गोळ्या नव्हत्या. चार केपा होत्या. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागला. ऐंशीच्या घरातला माझा शांत डोक्याचा बाप रात्री एकटा घाबरत होता. घरचा दंडक मोडून त्याने एक नळी भरली होती आणि रविवारी फोनवर मला 'सगळं ठीक आहे' असे सांगत होता. मी त्या शब्दात कधी गज घालून पाहिला नाही.

बार आत राहून डावी नळी गंजली होती. मी किमतीतले दोन हजार कमी केले आणि परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय ती नळी उडवायची नाही, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. बंदूक ठाण्यात जमा केली, विक्रीचे लेखी कळवले आणि ४५ दिवसांची मुदत संपल्यावर ती त्याच्या घरी गेली. भिंतीवर आता दोन खुंट्या तेवढ्या आहेत.

माझी आत्या चिपळूणला एकटी राहते. परवा फोनवर म्हणाली, "दिवाळीला धावत येऊ नकोस हो, माझं सगळं ठीक आहे." मी बरे म्हटले, फोन ठेवला आणि चिपळूणचे तिकीट काढले.