पिठ्ठूचा पट्टा



यंदाच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलांनी असईच्या लढाईचा प्रसंग सादर केला. आपणांपैकी बहुतेकांनी तो पाहिला आणि भरभरून टाळ्याही दिल्या. परंतु तालमीत जे घडले ते रंगमंचावर दिसले नाही. त्यात चूक माझी होती, म्हणून ते येथे लिहीत आहे.

असई हे गाव आजच्या जालना जिल्ह्यात आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी लढाई झाली. त्याच मोहिमेत कर्नल स्टीव्हनसनच्या हाताखाली हैदराबादची तैनाती फौज होती. ती परांड्याकडून वर सरकली, तिने जालना घेतले. असईला मात्र निराळ्या वाटेने निघाल्यामुळे दुसऱ्या दिवशी पोहोचली. आपल्यापैकी कितीतरी घरांचे वाडवडील मराठवाड्यातून हैदराबादला आले. त्याच मुलखात हे शिपाई हैदराबादहून पायी गेले होते. म्हणून इतिहासाच्या सरांनी त्यांचाही एक प्रवेश घातला.

आता कंपनीचा शिपाई कोण होणार? सगळ्यांना शिंद्यांचा स्वार व्हायचे होते. स्वाराला भाला, फेटा, ऐट. सामान असले तर ते घोड्याच्या पाठीवर. पायदळाच्या शिपायाला मात्र स्वतःच्या पाठीवर पिशवी. ते काम शेवटी जूनमध्ये नव्याने आलेल्या एका मुलाकडे गेले. तो काही बोलला नाही.

पिशवी एका पालकांनी जुनी चित्रे पाहून हौसेने शिवली होती. जाड किंतान, वरून काळा रंग, दोन खांद्यांचे पट्टे आणि त्यांना जोडणारा छातीवरचा आडवा पट्टा. आकार नीट राहावा म्हणून आत लाकडी फळ्या घातल्या. अशा फळ्यांची पिशवी ब्रिटिश पलटणींत असईनंतर काही वर्षांनी आली, हे सरांनी सांगितले होते. पण पोकळ पिशवी लोंबते म्हणून आम्ही ती चालवून घेतली. वजन खरे दिसावे म्हणून आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे भरले. माझे शिक्षण सारे हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या तोंडी फौजेतला 'पिठ्ठू' हाच शब्द येतो. मुलांनीही तोच उचलला.

तालमीत तो मुलगा वाकून चाले. मी तीनदा टोकले, "छाती काढून चाल, शिपाई आहेस." चौथ्यांदा रागावले. तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाई, श्वास पुरत नाही." मला वाटले, कामाची टाळाटाळ. मी म्हटले, "खऱ्या शिपायांनी शेकडो मैल नेला, तुला दहा पावले जड होतात?"

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर पिठ्ठू माझ्या खोलीत पडला होता. सहज म्हणून मी तो पाठीवर घेतला, पट्टे त्या मुलाच्या मापाचे तसेच ठेवून, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढले. पहिल्याच मजल्यावर छातीवरचा पट्टा आवळला. फळीची कड खांद्याच्या पात्यात रुतली. पिशवी कमरेखाली ओढत होती, म्हणून मी आपोआप पुढे वाकले. वर पोहोचेपर्यंत बोटांना मुंग्या आल्या. खाली येऊन पिठ्ठू ऑफिसच्या काट्यावर ठेवला. 7 किलो भरला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावले, सर्वांसमोर माझी चूक सांगितली आणि आम्ही दोघांनी मिळून पिठ्ठू नीट केला. अर्धे गठ्ठे काढले. उरलेले जड गठ्ठे पाठीलगत व हलके बाहेरच्या बाजूला लावले. खांद्याचे पट्टे आखडून पिशवी वर घेतली. फळीला जुन्या शालीची घडी लावली. छातीचा पट्टा आत चार बोटे सहज शिरतील इतका सैल केला. प्रत्येक बदलानंतर तो मैदानाला फेरी मारून येई आणि सांगे, "बाई, अजून थोडे डावीकडे." पाचव्या फेरीला तो सरळ चालत होता. छाती काढ म्हणून कोणाला सांगावे लागले नाही.

पुढे वाचताना कळले की खऱ्या शिपायांनाही हाच त्रास होता. छाती आवळणाऱ्या पट्ट्यांमुळे हृदय व फुफ्फुसांवर काय परिणाम होतो, याची चौकशी ब्रिटिश लष्कराने 1860 च्या दशकात समिती नेमून केली. डॉ. एडमंड पार्क्स हे तिच्यातले प्रमुख वैद्यक. त्यानंतर 1871 मध्ये ओझे खाली कमरेकडे घेणारी नवी पद्धत आली. म्हणजे असईनंतर जवळजवळ सत्तर वर्षे शिपाई गुदमरत होते आणि त्यांना छाती काढून चालायला सांगितले जात होते.

हे वाचून मला राहवले नाही. मी आठवीची दप्तरे काट्यावर ठेवली. तेलंगण सरकारने 2017 मध्ये आठवी-नववीसाठी 4.5 किलोची मर्यादा घातली आहे. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. आमच्या आठवीतील बरीच दप्तरे 6 किलोंच्या वर होती. त्यांतली तीन पिठ्ठूपेक्षा जड होती. इतकी वर्षे रोज सकाळी फाटकात उभी राहून मी मुलांना "सरळ चाला" म्हणत आले, दप्तर मात्र कधी उचलून पाहिले नाही.

पालकांना विनंती, आज रात्री मुलाचे दप्तर स्वतः पाठीवर घेऊन एक जिना चढा. पट्टे मुलाच्या मापाचेच ठेवा. शिक्षकांनी वेळापत्रक असे बसवायला घेतले आहे की रोज चारपेक्षा जास्त विषयांची पुस्तके आणावी लागू नयेत. विश्वस्त मंडळींना विनंती, वर्गावर्गात पुस्तके ठेवायला कपाटे द्यावीत. त्याचा अर्ज मी दिलेला आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, ओझे रुतत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. तो पिठ्ठू माझ्या खोलीत खुंटीला टांगून ठेवला आहे. मी ऐकले नाही, तर त्याच्याकडे बोट दाखवा.

आपली,
मुख्याध्यापिका