गार पाय

माझी मुलगी झाली डिसेंबरात. नाशिकची थंडी ठाऊक असलेल्यांना वेगळं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सिडकोतल्या माहेरी आले, तेव्हा तिचं वजन होतं २१०० ग्रॅम. घरी आईने शेगडी पेटवून ओव्याची धुरी तयार ठेवलेली, आणि आजी मधाची बाटली घेऊन दारातच उभी.

"एक वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो. त्यातल्या जंतूंनी बाळाला बोटुलिझम होऊ शकतो," मी मोबाईल दाखवत म्हटलं.

"तुझ्या आईला चाटवलाच की. मेली का ती?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मध मी कसाबसा टाळला, पण दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीला नाही म्हणायची ताकद उरली नव्हती. आजीने मोरीत पाय पसरून पिल्लाला पायांवर घेतलं, तेल लावून चोळलं, भरपूर ऊन पाणी घातलं. मोरीची खिडकी नीट लागत नव्हती. न्हाऊन आलेली मुलगी शांत झोपली. सगळे खूश. दोन तास झाले तरी ती दूध ओढेना, तेव्हा मला भीती वाटायला लागली.

दुपारी आशाताई आल्या. आधी त्यांनी आपले तळहात चोळून गरम केले. मग बाळाच्या पोटाला हात लावला, नंतर तळपायांना. पोट कोमट, पाय गार. थर्मामीटर ९७ दाखवत होता. "९७.७ तरी हवं," ताई म्हणाल्या. त्यांनी बाळाचे कपडे काढले, फक्त लंगोट आणि टोपडं ठेवलं, माझ्या उघड्या छातीवर तिला उभं झोपवलं आणि वरून शाल गुंडाळली. तासाभराने पाय ऊबदार झाले. मग ती चुटूचुटू प्यायला लागली.

"आजी, वजन वाढेपर्यंत आंघोळ नको, ओल्या फडक्याने पुसून घ्या. तेल लावा, पण हलक्या हाताने आणि दार-खिडकी लावून. धुरी, काजळ, घुटी नको. सहा महिने फक्त आईचं दूध."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण आजीने एकच विचारलं, "पाय गार म्हणजे वाईट असतं का गं?"

त्या रात्री तिने सांगितलं. आईच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. चिकाचं दूध बाळाला बाधतं म्हणून ते पिळून टाकायला लावलं, तीन दिवस गुळाचं पाणी पाजलं. "आठव्या दिवशी पाय गार पडले. बारसंसुद्धा झालं नव्हतं. नाव काय घेऊन रडायचं?"

नंतर मी वाचलं, की डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाचा ताप मोजणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं शिकवलं. हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावायची, ती काही वर्षांत २५ च्या आसपास आली. १९९९ साली 'लॅन्सेट'ने ते छापलं. पुढे २०११ मध्ये हीच घरभेटींची पद्धत देशभरातल्या आशांकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी.

माहिती माझ्या मोबाईलमध्येही होती. पण आजी ऐकत नव्हती, कारण मी तिला अडाणी ठरवत होते. तिची शेगडी, तिचं ऊन पाणी त्या गार पायांना भिऊन आलेलं होतं, हे मी विचारलंच नव्हतं. ताईंनी तिच्यासमोर मांडी घालून बसून त्याच पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली, तर आजी पदराखाली बाळाला छातीशी धरून बसलेली. एक हात पदराच्या आत. मला बघून म्हणाली, "झोप तू. पाय गरम आहेत."