हनुवटी ते टाळू

"मॅडम, चेहरा जरा डावीकडे उतरतोय," फोटोवाला मुलगा म्हणाला आणि त्यानं दोन बोटांनी माझी हनुवटी हवेतल्या हवेत उजवीकडे सरकवली.

हिंजवडीच्या शिवाजी चौकातून आत वळलं की झेरॉक्स, लॅमिनेशन, भाडेकरार, पॅनकार्ड असं सगळं एकाच पाटीवर मावलेलं हे दुकान. बाहेर फेज एककडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या, आत स्टुलावर मी. शेंगेन व्हिसाचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो. मागे फिकट रंग, हसायचं नाही, आणि चेहऱ्यानं फोटोचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग व्यापलेला हवा. मुलानं फोटो संगणकावर घेतला, टाळूवर एक आडवी रेघ ओढली, हनुवटीखाली दुसरी. मग मधोमध एक उभी. ती रेघ माझ्या नाकावरून खाली गेली आणि चेहऱ्याच्या दोन फाळ्या झाल्या. डावी भुवई वर, ओठाचा उजवा कोपरा खाली. चव्वेचाळीस वर्षं आरशात पाहतेय, पण हे कधी दिसलं नव्हतं.

"सगळ्यांचं असंच असतं," तो म्हणाला. "सरळ कुणीच नसतं."

दिवसाला कितीतरी तोंडं या रेघांखाली घालणाऱ्या मुलाचं हे निरीक्षण. आणि नेमकी हीच गोष्ट, जर्मन भाषेत, आकडे आणि कोष्टकांसकट, बर्लिनच्या विद्यापीठाला पुण्याच्या एका मुलीनं लिहून दिली होती. मी स्टुलावरून उठले ते तिचाच विचार करत. बर्लिनला मी तिच्यासाठीच तर निघाले होते.

ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: तीन दिवस आहेत तर प्रागला जा, पॅरिसला जा, बर्लिनमध्ये काय आहे? तेही नोव्हेंबरात? आमच्या टीममधले निम्मे लोक कधी ना कधी जर्मनीत ऑनसाइट राहून आलेले. त्यांना तिथली थंडी, रविवारी बंद असलेली दुकानं, चार वाजता पडणारा अंधार सगळं ठाऊक आहे. बर्लिन तर तिकडे न जाताही हिंजवडीत रोज भेटतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि सोमवारपासून आमच्या मीटिंगा एक तास पुढे सरकतात. साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. जेवणाच्या वेळा बदलतात, डबे उशिरा उघडतात, संध्याकाळची बस चुकायला लागते. माण ते शिवाजीनगर मेट्रोच्या ज्या खांबांखालून आम्ही ये-जा करतो, त्या मेट्रोच्या उभारणीत टाटांबरोबर सीमेन्स आहे, आणि सीमेन्स मूळची बर्लिनची, १८४७ ची. १८८१ साली बर्लिनच्या वेशीवर, लिश्टरफेल्डला, तिनं विजेवरची ट्राम चालवून दाखवली होती. तेव्हा हिंजवडी म्हणजे म्हातोबाचं गाव, चैत्री पौर्णिमेचं बगाड आणि भाताची खाचरं.

नोव्हेंबर मात्र मला मुद्दाम हवा आहे. उन्हाळ्यातली, नदीकाठी लोळणारी, रात्री साडेनऊपर्यंत उजेडात न्हालेली राजधानी सुंदर असेलच. पण त्या मुलीचं, म्हणजे पुढे मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका झालेल्या इरावती कर्वे यांचं, तिथलं शिक्षण सुरू झालं ते नोव्हेंबर १९२८ मध्ये. त्यांना जो उजेड मिळाला, तेवढाच मला पुरे.

बावीस वर्षांची मुलगी. तेवीस पूर्ण व्हायला महिना बाकी. जन्म ब्रह्मदेशातला, म्हणून नाव तिथल्या नदीचं. सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेत आली. पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरानं तिला लेकीसारखं सांभाळलं. फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान, मग मुंबईला घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. लग्न दिनकर कर्व्यांशी. दिनकर स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यामुळे बायकोनंही तिकडे जावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. सासरे महर्षी कर्वे यांना ते पसंत नव्हतं. ज्यांनी विधवांना शिकवण्यात आयुष्य घातलं, त्यांचा सुनेच्या परदेशी शिक्षणाला विरोध होता, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. पैसे जीवराज मेहतांनी कर्जाऊ दिले. तेच जीवराज मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आणि मार्च १९२९ मध्ये महर्षी स्वतः, सत्तरी ओलांडलेले, युरोपच्या दौऱ्यावर निघाले. सून तिथे आधीच पोचलेली होती. मला यात दोघांबद्दलही माया वाटते.

बर्लिनच्या नैऋत्य भागात डाह्लेम आहे. तिथे १९२७ साली मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेम संस्था उभी राहिली. इरावतीबाई गेल्या तेव्हा इमारत जेमतेम वर्षाची असणार, भिंतींना रंगाचा वास असणार. संचालक ऑयगेन फिशर. या गृहस्थांनी १९०८ साली नैऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन रेहोबोथच्या मिश्र वंशाच्या कुटुंबांची मोजमापं घेतली होती, आणि त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. फिशरांचा कयास असा, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि हा वाकडेपणा त्याच्या वरचढ बुद्धीशी जोडलेला असतो. तो सिद्ध करण्याचं काम पुण्याहून आलेल्या विद्यार्थिनीकडे आलं. तिनं कवट्या मोजल्या. जगाच्या निरनिराळ्या भागांतून जमवलेल्या, कागदाच्या चिठ्ठ्या लावलेल्या कवट्या, एकेक हातात घेऊन, कंपासाची दोन टोकं टेकवत, डावीकडून आणि उजवीकडून.

मी पुन्हा पुन्हा तिथेच अडते. ती खोली. चार वाजता लागलेला दिवा. टेबलावरची ती डोकी कुणाची होती, कुठून आणि कशी आणलेली, हे तिला कितपत माहीत असेल? कोकणस्थ ब्राह्मणाघरची मुलगी, आणि हातात कुणाची तरी कवटी. घरी पत्रात तिनं हे कसं लिहिलं असेल? दर मोजणीगणिक वहीत दोन आकडे. आकडे वाढत गेले तसं तिला दिसायला लागलं असणार, की वाकडेपणा सगळ्यांतच आहे. इथलाही वाकडा, तिथलाही वाकडा. वंशाशी त्याचा काही संबंध लागत नाही. हे कळलं त्या दिवशी ती काय करून घरी गेली असेल? ज्यांनी विषय दिला, ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून, ज्यांच्या देशात आपण उधारीवर राहतोय, त्यांना सांगायचं, की तुम्ही शोधायला पाठवलंत ते तिथे नाही.

मी टेस्टिंगमध्ये आहे, वीस वर्षं होऊन गेली. आमचं काम एवढंच, की जे सापडलं ते लिहायचं. बाहेरच्यांना ते सोपं वाटतं. पहिल्या नोकरीत, मीही तेव्हा तेवीसच वर्षांची होते, एका शुक्रवारी रात्री रिलीज अडलं होतं. सापडलेली चूक लहान होती, कदाचित कुणाला कधी दिसलीही नसती. माझ्या खुर्चीमागे दोन माणसं उभी होती. चांगली माणसं होती, थकलेली होती, त्यांची मुलं घरी वाट पाहत होती. कुणी मला दम दिला नाही. फक्त म्हणाले, "बघ, जमतंय का." मी 'पास' लिहिलं. पुढे त्यातून काही बिघडलं नाही, कुणाचं नुकसान झालं नाही. पण ती रात्र माझ्याकडे राहिली. बसमधून वाकडला उतरताना पावसाची झड आली होती, आणि मी पुलाखाली खूप वेळ उभी राहिले होते. आत्ताही एखाद्या कोष्टकात 'पास' हा शब्द लिहिताना त्या पावसाचा वास येतो.

त्या मुलीनं 'पास' लिहिलं नाही. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या प्रबंधाचं नाव 'माणसाच्या कवटीची सामान्य असममिती'. त्यातला 'सामान्य' हा शब्द मला फार मोठा वाटतो. वाकडेपणा ही कुणाची मिरास नाही आणि कुणाचा दोषही नाही, तो आपला सर्वांचा आहे, एवढं त्या एका विशेषणात बसलं आहे. तिला गुण अगदी खालचे दिले गेले, असं तिच्या चरित्रकारांनी लिहिलं आहे. पदवी मात्र मिळाली. आणखी दोन वर्षांनी त्या देशात कोण सत्तेवर आलं, हे सर्वांना माहीत आहे.

व्हिसाच्या अर्जात पहिली चौकट आडनावाची. दुसरी लगेच विचारते: जन्माचं आडनाव. गेल्या एकोणीस वर्षांत बँकेनं, सोसायटीनं, मुलाच्या शाळेनं मला हे विचारलेलं नाही. लिहायला गेले तर इंग्रजीत त्यात एक 'ए' की दोन, हे आठवेना. चिंचवडला आईला फोन केला. तिनं माझा शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढला, अक्षरं एकेक करून सांगितली आणि म्हणाली, "बरं झालं कुणी विचारलं."

इरावतीबाईंचं जन्माचं आडनाव करमरकर. 'परिपूर्ती' ज्यांनी वाचलं आहे त्यांना आठवेल, सभेत त्यांची ओळख करून देताना कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी हे सांगून होतं, तरी काहीतरी राहिल्यासारखं त्यांना वाटत राहतं; आणि मग रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडून आपण त्यांच्या वर्गातल्या कर्व्याची आई आहोत हे ऐकलं, की ती ओळख पुरी होते. कॉलेजात असताना मला हा शेवट पटला नव्हता. आई झाल्यावर पटला. आता पुन्हा वाटतं, त्या यादीत डाह्लेमची ती खोली असायला हवी होती. ज्या बाईनं मराठी ललित निबंधाला त्याचा मोकळा श्वास दिला, तिनं त्या दोन वर्षांबद्दल थोडं अधिक लिहायला हवं होतं, असा माझा हट्ट आहे.

मी त्यांची भक्त म्हणून जात नाहीये, हेही लिहिलं पाहिजे. भारतात परतल्यावर त्यांनीही माणसं मोजली. डेक्कन कॉलेजात राहून, गावोगाव हिंडून, जातीजातींच्या डोक्यांची, नाकांची मापं घेतली; वि. म. दांडेकरांबरोबर १९५१ साली महाराष्ट्रातल्या मोजमापांचं पुस्तकही काढलं. जे शास्त्र हाताशी होतं तेच त्यांनी वापरलं. एका खोट्या निष्कर्षाला नाही म्हटलं तरी कंपास हातातून सुटला नाही. हे मला टोचतं, आणि टोचतं म्हणूनच ती इमारत डोळ्यांनी पाहायची आहे.

इमारत अजून उभी आहे, ईनेश्ट्रासे २२. आज ती बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. युद्धाच्या काळात ऑश्विट्झच्या छळछावणीतून डॉक्टर योजेफ मेंगेलेनं पाठवलेले मानवी अवयव याच संस्थेत येत होते. दारावर १९८८ मध्ये तसं सांगणारा फलक लावला गेला. २०१४ साली जवळच, विद्यापीठाच्या ग्रंथालयापाशी, खोदकामात हाडं निघाली. पुढच्या उत्खननांत तुकड्यांची संख्या सोळा हजारांच्या घरात गेली. ती कुणाची, हे शोधण्यासाठी आणखी चाचण्या करायच्या नाहीत, पुन्हा त्यांची वंशवार वाटणी करायची नाही, असं ठरलं. मार्च २०२३ मध्ये ती डाह्लेमच्याच दफनभूमीत एकत्र पुरली. पुन्हा मोजायचं नाही, असं कुणीतरी ठरवलं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

कव्हरिंग लेटरमध्ये दिवसवार बेत लिहावा लागतो. अर्जाबरोबर तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचं रजेचं पत्र, तीस हजार युरोंचा विमा. फी नव्वद युरो. दहाही बोटांचे ठसे. हे सगळं तीन रात्रींसाठी. नवऱ्यानं पहिला दिवस आखला: ब्रांडेनबुर्ग दरवाजा, तिथून उंटर डेन लिंडेनवरून चालत, संसदेच्या काचेच्या घुमटाची नोंदणी आधी करून. पर्गमॉन संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद आहे, त्याची त्याला हळहळ. लिंडेनच्या रस्त्यावरच हुम्बोल्ट विद्यापीठ लागतं. इरावतीबाईंच्या वेळी त्याचं नाव फ्रीडरिश विल्हेम विद्यापीठ होतं, आणि पदवी त्याच विद्यापीठाची. तिथे मी दोन मिनिटं जास्त मागून घेतली आहेत.

दुसरा दिवस माझा. यू-३ ही गाडी डाह्लेमला १९१३ पासून जाते, म्हणजे त्याही याच मार्गानं गेल्या असणार. डाह्लेम-डोर्फ स्टेशन गावातल्या घरासारखं बांधलेलं आहे, वर गवताचं छप्पर. नकाशावर त्याचा फोटो पाहिला तेव्हा मुळशीकडच्या, आता पत्रे पडलेल्या घरांची आठवण झाली. त्याच्या पुढच्या स्टेशनवर उतरायचं. तिथून चालत काही मिनिटं.

पाकिटात आठ फोटो होते. अर्जाला दोन लागले. एक आईनं मागून घेतला, देवघराशेजारच्या फळीवर ठेवायला. चेहरा डावीकडे उतरलेलाच आहे. मुलगा म्हणाला होता की सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून देतो, मी नको म्हटलं.

नवरा विचारत होता, दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा निघालं तर चालेल का, बाजारात थोडं फिरून. चालेल, म्हटलं. पण पंधरा नोव्हेंबरच्या सुमाराला तिथे सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. तीनपर्यंत पोचायला हवं, खिडक्या नीट दिसायला हव्यात.